पन्नासच्या खाली

पर्वतीच्या पायथ्याच्या सबस्टेशनात
अठ्ठावीस वर्षं मी एका सुईकडे बघत बसलो.
सुई पन्नासवर असली की चहा गोड लागायचा.
एकोणपन्नासच्या खाली उतरली
की काळा फोन वाजायच्या आधीच कळायचं,
आता वाजणार.

"ढमढेरे, साठ काढा."
कळव्याचा माणूस एवढंच बोलायचा.
साठ म्हणजे साठ मेगावॅट.
साठ म्हणजे बिबवेवाडी, धनकवडी, निम्मं सहकारनगर,
दोन पिठाच्या गिरण्या, एक बर्फाचा कारखाना
आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचा मांडव.
त्याला हे माहीत नव्हतं. मला होतं.

मूठ फिरवायची. आत खाडकन आवाज.
खिडकीतून बघायचं नाही, असा माझा नियम.
तरी बघायचो.
ओल्या फडक्यानं पाटी पुसावी
तसा टेकडीखालचा एक तुकडा जायचा,
आणि थोड्या वेळानं, वाऱ्याबरोबर,
शेकडो पोरांचा मिळून एकच आवाज यायचा.
वहीत लिहायचं: वीस दहा, फीडर सात, बंद.
कारण: मागणी.

पहाऱ्यावर बबन शेडगे असायचा, मुळशीकडचा.
त्याच्या आजोबांचं भातखाचर धरणाच्या पाण्याखाली.
तिथली वीज घाट उतरून गेली मुंबईच्या गिरण्यांना,
बबनच्या वाडीत मात्र चिमणीच.
तो लाईनकडे बोट दाखवून म्हणायचा,
"साहेब, आमचं शिवार या तारांतून गेलं बघा.
थांबलं नाही कुठं."
मी साहेब नव्हतो. तरी ऐकून घ्यायचो.

फीडर सातवर माझं घर.
मार्च महिना, थोरलीची दहावी.
वत्सलानं कधी म्हटलं नाही की तुमच्या हातात आहे ना.
एकदाच विचारलं,
"बंद करताना आमची आठवण होते का?"
मी म्हणालो, "यादी असते."
ती म्हणाली, "हं,"
आणि बशीत मेणबत्ती चिकटवत राहिली.

भूमितीच्या पेपरच्या आदल्या रात्री
मी सातच्या जागी नऊ ओढला.
एकदाच. आयुष्यात एकदाच.
दुसऱ्या दिवशी समजलं, नऊवर विद्युतदाहिनी होती.
कुणाचे तरी वडील आत पन्नास मिनिटं
अर्धवट थांबून राहिले.
कुणी तक्रार केली नाही.
माणसं बाहेर बाकावर बसली होती म्हणे,
एकानं बिडी पेटवली, बाकीच्यांनी घड्याळं बघितली.
थोरलीला गणितात त्रेसष्ट पडले.

मग कोयना, चंद्रपूर, कुठकुठला कोळसा,
कुठकुठल्या पवनचक्क्या.
एका डिसेंबरच्या शेवटी सोलापुराकडून
दक्षिणेची तार येऊन जोडली गेली,
आणि आसामातल्या चहाच्या कारखान्यापासून
तमिळ मुलुखातल्या विहिरीवरच्या पंपापर्यंत
सगळ्यांचा ठोका एक झाला.
माझ्या सुईला आता लाखो माणसांचे हात लागत होते.
ती हलेनाशी झाली.
पुढे सुईच काढली. पडदा बसवला.
मलाही काढलं, शाल आणि नारळ देऊन.

आता शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर निळ्या काचा आहेत,
पोरं अंधाराला घाबरतात, कारण ओळख नाही.
गुरुवारी दुरुस्तीसाठी दोन तास जाते तेव्हा
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कावकाव.

रात्री मला जाग येते.
स्वयंपाकघरात फ्रिज घुमत असतो
आणि त्या घुमण्यावरून मी सांगू शकतो,
पन्नासच्या किंचित खाली आहे.
कुठेतरी कुणीतरी फोनकडे बघत असेल.

वत्सला कूस वळते. "झोपा."
पाणी प्यायला उठते, दिवा लावते,
क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघतो,
म्हातारे, उजेडात.
मग बटणावर हात ठेवून म्हणते,
"यादी असते,"
आणि बंद करते.